१८७६ चा दुष्काळ, आष्टीचा तलाव आणि इंग्रज सरकारची मदत

हिप्परगा_रस्ता :

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येते, ते म्हणजे 'इंग्रजांनी निदान तलाव तरी बांधले'. पुरावा म्हणून हिप्परग्याचा एकरुख तलाव आणि मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव ही दोन नावे लगेच पुढे येतात. माणसे उपाशी असताना सरकार शेतसारा वसूल करत होते, हेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते, आणि पुष्कळदा सांगणारी व्यक्ती एकच असते.

मी इतिहास शिकवतो. यंदा नववीच्या मुलांकडून जिल्ह्यातील दुष्काळांवर एक प्रकल्प करून घेण्याचा विचार आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तिच्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी काय केले, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. या तलावांपैकी दुष्काळी काम खरोखर कोणते? कामावर येणाऱ्याला किती मजुरी मिळे आणि ती कशाच्या आधारे ठरे? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की सरकारच्या त्या निर्णयांमुळे इथल्या समाजाची घडी कशी बदलली? कोणाची बाजू घेण्यासाठी मी हे विचारत नाही, पण मुलांना अर्धवट उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

दप्तरखाना :

तलावांपासून सुरुवात करतो. एकरुखचे काम १८६६ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे मोठा दुष्काळ पडला तेव्हा हा तलाव तयार होऊन पाच वर्षे झाली होती. तो दुष्काळी कामातून झाला असे सांगितले जाते ते चूक आहे. आष्टीचा तलाव मात्र १८७६-७७ च्या दुष्काळी कामांपैकीच आहे. नीरा डावा कालवा आणि माणदेशातील म्हसवड-राजेवाडीचा तलाव ही कामेही त्याच दुष्काळात हाती घेतली गेली, आणि दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव घालण्यासाठीही दुष्काळग्रस्तांचेच हात वापरले गेले. तेव्हा 'तलाव बांधले' हे खरे आहे. ते कोणत्या मोलाने बांधून घेतले, हा आपला पुढचा प्रश्न आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

१८७६ मध्ये पावसाळ्याच्या उत्तरार्धात पावसाने पाठ फिरवली आणि परतीचा पाऊसही आला नाही. आपला जिल्हा रब्बी ज्वारीवर जगतो, त्यामुळे परतीचा पाऊस गेला की माणसाचे धान्य आणि जनावराचा कडबा दोन्ही एकदम जातात. मुंबई सरकारने, म्हणजे गव्हर्नर फिलिप वुडहाउस यांच्या प्रशासनाने, सुरुवातीला मोठी सार्वजनिक कामे काढण्याचे धोरण ठेवले. धडधाकट पुरुषाला दिवसाला २ आणे, बाईला दीड आणा आणि मुलाला १ आणा असा दर होता. धान्याचा व्यापार मात्र पूर्णपणे खासगी व्यापाऱ्यांवर सोडून देण्यात आला आणि सरकारने स्वतः धान्य खरेदी करून बाजारात आणायचे नाही असे ठरले. भाव चढतील, तसा माल रेल्वेने आपोआप येईल, असा यामागचा विचार होता. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच पोहोचली होती, त्यामुळे माल येण्याची सोय होती. विकत घेण्यासाठी रयतेच्या हातात पैसा नव्हता, आणि ही गोष्ट त्या विचारात कुठेच धरलेली नव्हती.

जानेवारी १८७७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. १ जानेवारीला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केले, आणि त्याच सुमारास दुष्काळावरील खर्चाला आवर घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठवले. याच टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती. भूकबळी जवळजवळ पडले नाहीत, परंतु खर्च फार झाला म्हणून वरिष्ठांकडून त्यांच्यावर सडकून टीका झाली. उधळ्या म्हणून झालेली ती बदनामी पुसण्याची संधी त्यांना दख्खनमध्ये मिळाली, असे माझे मत आहे, आणि त्यांच्या पुढच्या निर्णयांकडे पाहता दुसरा अर्थ लावणे मला कठीण जाते.

१९ जानेवारी १८७७ पासून मजुरी धान्याच्या भावाशी बांधली गेली. पब्लिक वर्क्स खात्याच्या मोठ्या कामावरील पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर १ आणा, तर कलेक्टर-मामलेदारांच्या देखरेखीखालील हलक्या कामावरील पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा असा हिशेब ठरला. बाईला आणि मुलाला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. आपल्या मुलांना वर्गात तराजूवर तेवढी ज्वारी मोजून दाखवा, ती दळून तिच्या किती भाकरी होतात हे घरी आईला विचारून यायला सांगा, आणि मग उन्हात दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसासमोर त्या ठेवून पाहा. वरच्या आण्या-अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि कामावर न जाऊ शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे पोट, सगळे भागवायचे होते. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानेच इतक्या अन्नावर श्रम करणारा माणूस जगू शकत नाही असे लेखी बजावले, आणि काही महिन्यांत तिथला दर वाढवावा लागला.

मजुरीइतकीच जाचक होती ती दूरच्या छावणीवर जाण्याची अट. हलक्या कामावरील धडधाकट माणसांना घरापासून लांबच्या मोठ्या कामांवर हलवण्याचा प्रयत्न सरकारने केला. खरा गरजू असेल तोच इतक्या लांब जाईल, अशी ती परीक्षा होती. घरी शेवटचा बैल किंवा आजारी माणूस असलेल्याने काय करावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

लोकांनी याला दिलेले उत्तर मुलांना आवर्जून सांगावे असे आहे. दख्खनच्या जिल्ह्यांत हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी नाकारली आणि ते काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा हा संप होता. सरकारी अहवालांत त्याला अडाणीपणाचा हट्ट ठरवले गेले. पुण्याची सार्वजनिक सभा मात्र गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने त्या मजुरांच्या बाजूने उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला निवेदनांमागून निवेदने पाठवत राहिली, आणि उपाशी रयतेच्या वतीने आकडे घेऊन सरकारशी वाद घालण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली.

पूर्व_भाग :

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. त्याला लोकसंख्येची जोड द्यावीशी वाटते, कारण सामाजिक परिणाम तिथे ठळकपणे दिसतात. १८७२ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ७,१९,३७५ होती. १८८१ मध्ये ती ५,८२,४८७ भरली. म्हणजे सुमारे १ लाख ३७ हजार माणसे, दर शंभरांत एकोणीस, कमी झाली. १८९१ मध्ये हाच आकडा ७,५०,६८९ झाला आणि १९०१ मध्ये पुन्हा ७,२०,९७७ वर उतरला.

हे आकडे घाईने वाचू नयेत. १८८१ पर्यंतची सगळी घट मृत्यूंची धरली, तर पुढच्या दहा वर्षांतील जवळजवळ २९ टक्के वाढीचा उलगडा होत नाही, कारण त्या काळच्या जन्म-मृत्यूच्या प्रमाणात नुसत्या जन्मांनी लोकसंख्या इतकी वाढत नाही. याचा सरळ अर्थ असा, की पुष्कळ कुटुंबे शेजारच्या निजामी मुलखात आणि त्याही पलीकडे गेली होती आणि पाऊसपाणी सुधारल्यावर परतली. तसेच १९०१ ची घट दिसायला लहान असली तरी ती १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ व मधल्या प्लेगचा परिणाम आहे, आणि मधल्या चांगल्या वर्षांत झालेली वाढ हिशेबात धरली, तर खरे नुकसान आकड्यात दिसते त्याहून मोठे निघते.

परतलेली सगळी माणसे आपापल्या गावात परतली असे मात्र नाही. मुरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ मध्ये म्हणजे दुष्काळाच्या ऐन तडाख्यातच सुरू झाली. बैल मेले, बियाणे खाऊन संपले, सावकार दारात उभा, अशा कुटुंबाला गिरणीचा भोंगा हा रोख पगाराचा एकमेव आवाज होता. गिरणीला स्वस्त मजूर मिळाले ते कोरडवाहू शेतीच्या मोडतोडीतून, हे आपल्या शहराच्या इतिहासात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे असे मला वाटते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्तीही त्या शतकात इथे वाढत गेली, आणि त्यांच्या येण्यामागे व्यापाराइतकीच दुष्काळाचीही ओढाताण होती.

विणकरांची अडचण शेतकऱ्यापेक्षा वेगळी असते आणि सरकारच्या नियमांना ती उशिरा समजली. दुष्काळात लोक सर्वांत आधी कापड घेणे बंद करतात, त्यामुळे मागावरच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरत नाही. धान्य बाजारात असले तरी विणकराच्या हाती दमडी नसते. त्याला खडी फोडायला पाठवले तर त्याची बोटे कामातून जातात आणि दुष्काळ संपल्यावर सुताचा बारीक धागा त्या बोटांना धरवत नाही. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक स्वतः सोलापुरात आले, इथल्या प्रमुख मंडळींशी बोलले आणि स्थानिक समिती व सरकार यांनी मिळून विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यावे अशी योजना त्यांनी मांडली. मुंबई सरकारने ती स्वीकारली नाही.

हिप्परगा_रस्ता :

दोघांचेही मनापासून आभार. भाकऱ्यांचा हिशेब वर्गात नक्की करून घेईन. एक शंका उरते. जमिनी सावकारांच्या घशात गेल्या असे सर्रास म्हटले जाते, पण १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या बाजूने कायदाही केला होता असे वाचनात आले. मग तो कायदा का उपयोगी पडला नाही?

माढा_स्टेशन :

तो कायदा म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो केला गेला, त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. त्याचे तात्कालिक कारण १८७५ चे दंगे होते. सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली होती. त्यानंतर लगेच दुष्काळ आला आणि १८७९ च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, त्यामुळे ग्रामीण भागातील असंतोष दाबून ठेवता येणार नाही हे सरकारला कळून चुकले.

कायद्यातील तरतुदी कागदावर चांगल्याच होत्या. न्यायालयाने कर्जरोख्यावरच्या नुसत्या आकड्यावर न जाता मुळात किती रक्कम दिली होती हे तपासावे, कर्ज हप्त्यांनी फेडू द्यावे, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावेत असे त्यात होते. अडचण अशी, की या कायद्याने सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्याची पैशाची गरज तशीच राहिली. सारा रोखीने आणि ठरलेल्या तारखेलाच भरावा लागे, पीक येवो अथवा न येवो. गहाणखतावर न्यायालय प्रश्न विचारू लागले, तसे सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहिले. पत नसलेल्या लहान शेतकऱ्याला तर कर्ज मिळणेच अवघड झाले.

माझ्या समजुतीप्रमाणे इंग्रज सरकारच्या दुष्काळ-धोरणातील मूळ दोष इथे आहे. सावकार, आळस, अडाणीपणा, पाऊस या सर्वांना दोष देण्याची त्यांची तयारी होती, पण साऱ्याच्या मागणीकडे बोट दाखवलेले त्यांना चालत नसे. दुष्काळाच्या वर्षी बहुतेक ठिकाणी साऱ्याची तहकुबी मिळे, माफी क्वचितच. तहकुबी म्हणजे पुढच्या बऱ्या वर्षी दुप्पट ओझे, आणि ते ओझे उचलण्यासाठी पुन्हा सावकाराचे दार.

काही चांगलेही घडले, ते नाकारण्याचे कारण नाही. रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, त्यातून दुष्काळ-संहिता तयार झाली, आणि लोकांना मरू न देणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे पहिल्यांदा नियमांत उतरले. चाचणी म्हणून काढायची कामे, अपंग-वृद्धांना घरी मिळणारी मदत, पाटील-कुलकर्ण्यांनी करायच्या याद्या, हे सारे त्यात आले. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई, म्हणजे शेतीसाठीचे सरकारी कर्ज, मिळू लागली. होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारी रेल्वेही दुष्काळी मुलखात धान्य पोहोचावे या विचारातूनच त्या दशकात झाली. मात्र दुष्काळ-निवारणासाठी म्हणून १८७८ पासून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढण्याचे जे आश्वासन लिटन यांनी दिले आणि ज्यासाठी व्यापारी-कारागिरांवर परवाना-कर बसवला, तो पैसा लवकरच अफगाण युद्धाच्या खर्चाच्या ओघात गेला.

संहितेचा खरा कस १८९६ मध्ये लागला. टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी संहितेतील नियम मराठीत गावोगाव पोहोचवले. पीक गेले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, सरकारच्या स्वतःच्याच नियमांवर बोट ठेवून सवलत मागा, हे त्यांचे सांगणे होते. सरकारला हे बंडापेक्षाही अवघड गेले असावे. सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले आणि मार्च १८९७ मध्ये सभेशी पत्रव्यवहार करण्याचेच सरकारने थांबवले. शेतकऱ्याने स्वतःच्या हक्काचा नियम हातात धरून कचेरीची पायरी चढणे, हा माझ्या दृष्टीने त्या दुष्काळाचा सर्वांत मोठा सामाजिक परिणाम होय.

चंद्रभागा_काठ :

चर्चेत मुलांचा आणि जातीचा विषय राहून गेला आहे, म्हणून थोडे लिहिते.

दुष्काळात पहिली उघड्यावर पडतात ती मुले. आमच्या पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बालकाश्रम सुरू झाला होता. प्रार्थना समाजाशी जोडलेली ही संस्था मुळात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी होती, कारण वारीच्या गावी फसलेल्या विधवा येत आणि मूल मागे ठेवून जात. त्यानंतर लगेचच आलेल्या दुष्काळात तिथे अनाथ मुलांची भर पडली. पुण्याजवळ धनकवडीला महात्मा जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी १८७७ मध्ये मुलांसाठी अन्नछत्र चालवले, तर १८९७ नंतर पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातमधून दुष्काळातील मुली-विधवांना केडगावला आणले. मिशनऱ्यांच्या अनाथालयांतही पुष्कळ मुले गेली. कोणी कोणाला वाढवायचे आणि कोणत्या धर्मात, यावरून पुढे जे वाद पेटले, त्यांच्या मुळाशी सरकारचे अंग काढून घेणे होते. उपाशी मूल आधी जगवण्याची जबाबदारी सरकारने पूर्णपणे घेतली असती, तर ते मूल हा वादाचा विषय झाला नसता.

जातीविषयी एवढेच सांगते, की घरपोच मदतीच्या याद्या गावकामगारांच्या, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांच्या, हाती होत्या, त्यामुळे गावात ज्याला आवाज नव्हता त्याचे नाव यादीत येणे गावच्या मर्जीवर राहिले. दुसरीकडे, कष्टाच्या उघड्या कामावर जाणे हलके समजणारी घरे शेवटपर्यंत छावणीवर गेली नाहीत आणि घरातल्या घरात खंगली, विशेषतः त्यांतल्या बायका. छावणीवर दुसऱ्या जातीच्या हातचे शिजवलेले अन्न नाकारणारेही होते, म्हणून पुढे संहितेत स्वयंपाक्याची जात पाहण्याची सूचना घालावी लागली. सरकारने जात मोडली नाही, आणि लोकांनीही ती सोडली नाही.

आपल्या प्रकल्पात मुलांना गावच्या प्रत्येक वस्तीत पाठवावे अशी विनंती आहे. पाटलांच्या वाड्यातील आठवण आणि गावकुसाबाहेरची आठवण एकच निघणार नाही.

हिप्परगा_रस्ता :

ताईंची सूचना मोलाची आहे, तसेच करू. मुलांच्या आजी-आजोबांना १८७६ विचारता येणार नाही, पण १९७२ विचारता येईल. त्या दुष्काळाचा या जुन्या नियमांशी धागा जोडता येतो का?

दप्तरखाना :

निश्चित जोडता येतो. काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचे आणि केलेल्या कामाचे माप घेऊन मजुरी द्यायची, ही १९७२ ची पद्धत दुष्काळ-संहितेतूनच स्वतंत्र भारताच्या नियमांत आली होती. आजी-आजोबांना खडी, नालाबंडिंग (नाल्यांवर बांध घालण्याचे काम), सुकडी (वाटला जाणारा पिठाचा पौष्टिक खाऊ) आणि मिलो ही परदेशी ज्वारी आठवत असेल. त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा : काम घरापासून किती लांब होते, माप कोण घेत असे, आणि माप कमी भरले तर आठवड्याच्या पगारातून किती कापले जाई. १८७७ मधले वाद याच तीन गोष्टींवरून झाले होते. दोन्ही काळांत फरक पडला तो असा, की १९७२ मध्ये कामावरच्या माणसाला मत होते, त्याच्या मोर्च्यांची दखल विधिमंडळाला घ्यावी लागली, आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळी काम मागणे हा त्यामुळे हक्क ठरला. मुलांच्या नोंदी हाती आल्या की त्या इथेच टाका. मोहोळ आणि माढा तालुक्यांतील जुन्या कामांची माहिती माझ्याकडे आहे, ती त्यांच्याशी ताडून पाहू.